हजेरीपटाचे समाजशास्त्र

(पदवीच्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसमोर व त्यांच्या पालकांसमोर कुडवा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सत्राच्या आरंभी समाजशास्त्राविषयी दोन शब्द बोलावेत असे निमंत्रण मला आले, तेव्हा निमंत्रकांची अपेक्षा बहुधा अशी असावी की मी या विषयाची थोरवी सांगावी, ऑग्युस्त काँतपासून सुरुवात करावी आणि या विषयाने नोकरीच्या कोणत्या वाटा मोकळ्या होतात ते सांगून खाली बसावे. मी यांपैकी काहीच करणार नाही. प्रवेश घेताना तुमच्या हाती एक छापील कागद आला असेल. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, स्वाध्याय ठरल्या दिवशी दिला पाहिजे, नक्कल आढळल्यास गुण मिळणार नाहीत, वर्गात शिस्त पाळावी, असे काही नियम त्यावर असतात आणि खाली विद्यार्थ्याच्या व पालकाच्या सहीसाठी दोन रेघा असतात. बहुतेकांनी तो न वाचताच सही केली असेल. मी आज त्या कागदाविषयीच बोलणार आहे. कारण माझ्या मते समाजशास्त्राचा पहिला धडा पुस्तकात नसून त्या कागदावर आहे.

आरंभीच एक कबुली देतो. तीस वर्षांहून अधिक काळ मी हा विषय शिकवला. फार वर्षांपूर्वीची, वार्षिक परीक्षेच्या काळातली गोष्ट आहे. मी ज्या महाविद्यालयात होतो तेथे परीक्षेचे अर्ज भरण्याआधी हजेरी कमी असलेल्यांची यादी फळ्यावर लागत असे. त्या यादीत पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. ती मला भेटायला आली आणि खाली मान घालून म्हणाली, "सर, मी रोवणीले गेली होती." मी तिला उत्तर दिले, "नियम म्हणजे नियम." त्याच आठवड्यात मी वर्गात एमिल द्युर्केम शिकवीत होतो. माणसाला जी त्याची खाजगी कृती वाटते तिच्यामागेही समाजाचा दाब असतो, हे मी मोठ्या आवेशाने सांगत होतो. ती मुलगी परीक्षेला बसली नाही आणि पुढच्या वर्षी महाविद्यालयात आलीही नाही.

पुढे एका सुट्टीत जुना हजेरीपट चाळताना माझ्या लक्षात आले की, गैरहजेरीच्या खुणा पानभर विखुरलेल्या नव्हत्या. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्या दाट होत्या. नंतर विरळ होऊन धानाच्या कापणीच्या सुमारास पुन्हा दाट होत होत्या. त्या ज्या नावांपुढे होत्या, ती बहुतेक नावे भूमिहीनांच्या आणि एक-दोन एकर धान असलेल्या घरांतली होती. माझ्या हातात वर्षानुवर्षे समाजशास्त्राचा एक अस्सल दस्तऐवज होता आणि त्याच्याकडे मी केवळ कारकुनाच्या नजरेने पाहिले होते. ही चूक त्या महाविद्यालयाची होती असे म्हणून मला सुटता येणार नाही. ती माझी होती.

सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी वैयक्तिक अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतला भेद स्पष्ट केला आहे. लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याच्या स्वभावाकडे आणि कसबाकडे पाहावे. पण कोट्यवधी माणसे एकाच वेळी बेकार असतील, तर दोष त्यांच्या स्वभावात शोधणे हा शुद्ध वेडेपणा होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हीच कसोटी हजेरीपटाला लावा. एखादा विद्यार्थी एखाद्या दिवशी आला नाही तर त्याला कान धरून विचारावे, बाबा, कुठे होतास? पण वर्गातला मोठा भाग दरवर्षी त्याच पंधरवड्यात येत नसेल, तर कान कोणाचा धरायचा, याचा विचार करावा लागतो. द्युर्केमने १८९७ साली आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात हेच दाखवले. आत्महत्येइतकी एकाकी कृती दुसरी कोणती? पण निरनिराळ्या समाजगटांतले तिचे प्रमाण पाहिले, की त्यात वर्षानुवर्षांचे सातत्य दिसते. आणि सातत्य दिसले की कारणही व्यक्तीबाहेर शोधावे लागते.

आता आपल्या जिल्ह्याचे पंचांग आणि विद्यापीठाचे पंचांग शेजारी शेजारी ठेवून पाहा. महाविद्यालये जून-जुलैत सुरू होतात, आणि पाऊस पडला की रोवणी सुरू होते. हिवाळी परीक्षा साधारणपणे धानाची कापणी आणि मळणी यांच्या पाठोपाठ येते. उन्हाळी परीक्षेचे दिवस आले की तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. घरची सारी माणसे पहाटे रानात आणि दुपारी पुडे बांधायला. वार्षिक पद्धतीत हा संघर्ष एका परीक्षेशी होता, सत्रपद्धतीत तो दोन परीक्षांशी झाला. गोंदियाच्या भातगिरण्या ज्या धानावर चालतात, ते धान रोवणारे हात आणि आपल्या वर्गातल्या वह्यांवरचे हात पुष्कळदा एकच असतात. हे कुडवा गाव शहराला इतके खेटले आहे की याला गाव म्हणावे की शहर, असा प्रश्न पडतो; पण येथल्या वर्गात बसणारी मुले आमगाव, सालेकसा, गोरेगाव, देवरी अशा तालुक्यांतूनही येऊ शकतात, आणि सकाळची एस.टी. चुकली की त्यांचा पहिला तास चुकतो. या गोष्टी कागदावरच्या नियमाला ठाऊक नसतात. नियम सर्वांना सारखा असतो. त्याची किंमत मात्र प्रत्येकाला वेगळी मोजावी लागते.

येथे काही मित्र म्हणतील, मग हजेरीची अट काढून टाका. मी या मताचा अजिबात नाही, आणि माझे हे म्हणणे विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. गरिबाविषयी कळवळा म्हणून सर्वांची हजेरी लावून द्यायची, शेवटच्या पंधरवड्यात बाजारातले गाइड वाचून घ्यायचे, अपेक्षित प्रश्न सांगायचे आणि सगळ्यांना पुढे ढकलायचे, ही पद्धत आपल्याकडे फोफावली आहे. ती दयाळू दिसते, पण तिच्यात गरीब विद्यार्थ्याचा मोठा अपमान आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ज्याचे वडील वकील वा अध्यापक आहेत, त्याचा वर्ग बुडाला तरी शिक्षण बुडत नाही. ज्याच्या घरात विडीचे सूप आणि धानाचे पोते यांखेरीज काही नाही, त्याला वर्ग हे एकच ठिकाण आहे. तेथला तास त्याच्याकडून काढून घेऊन आपण त्याला पदवीचा कागद देतो. असा कागद त्याला नोकरीही मिळवून देत नाही आणि आपल्या आईला हजार विड्यांमागे किती मजुरी मिळायला हवी व प्रत्यक्षात किती मिळते, हे विचारण्याची उमेदही देत नाही.

तेव्हा नियम असावेत आणि ते कडक असावेत. पण ते दोन्ही बाजूंना बांधणारे असावेत. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी होती. पण त्याच निवेदनात, रयतेच्या घामातून जमणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर कसा खर्च होतो, याचा जाबही त्यांनी सरकारला विचारला होता. सक्ती आणि जबाबदारी या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. आपण मात्र सक्ती विद्यार्थ्याकडे ठेवली आणि जबाबदारी कोणाकडेच ठेवली नाही.

एक साधा हिशेब मांडतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक पद्धती आली. व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला पंधरा तास, म्हणजे विषय चार श्रेयांकांचा असेल तर सत्रात ६० तास शिकवणे अपेक्षित आहे. पंचाहत्तर टक्के म्हणजे विद्यार्थ्याने ४५ तास बसले पाहिजे. ठीक. पण ६० तास प्रत्यक्षात झाले का, हे कोण मोजते? प्रवेशफेऱ्या लांबल्या, अध्यापक निवडणुकीच्या कामाला गेले, जागा रिकामी राहिली, तर विद्यार्थ्याची टक्केवारी झालेल्या तासांवर काढली जाते आणि न झालेल्या तासांचा उल्लेखही होत नाही. विद्यार्थ्याची हजेरी मोजणारा पट प्रत्येक महाविद्यालयात आहे. तासांची हजेरी मोजणारा पट दर महिन्याला सूचनाफलकावर लागलेला मी तरी पाहिला नाही.

आणि तो तास घेणारा अध्यापक कोण आहे, हेही पाहा. आज राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत तो तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. जेवढे तास घेतले तेवढेच मानधन, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही आणि झालेल्या तासांचे पैसे हाती पडायलाही महिनोन्‌महिने लागतात. विडी कामगार स्त्रीला वळलेल्या विड्यांवर पैसे मिळतात. यांना घेतलेल्या तासांवर. विडी कामगारांसाठी १९६६ साली संसदेने स्वतंत्र कायदा तरी केला. ज्याला स्वतःच्या उद्याची शाश्वती नाही, त्याने स्वाध्याय बारकाईने तपासावेत, मागे पडलेल्यांसाठी जादा तास घ्यावेत, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? समाजशास्त्राच्या वर्गात श्रमाचा अभ्यास करताना फळ्यासमोर उभा असलेला श्रमिक दिसू नये, हे बरे नव्हे.

आता अभ्यासाच्या अपेक्षांकडे वळतो. पहिली अपेक्षा वाचनाची. गाइड वाचणे म्हणजे वाचन नव्हे. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा, त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा, इरावतीबाई कर्वे यांचे 'मराठी लोकांची संस्कृती' १९५१ चे. हे तिन्ही ग्रंथ मराठीत आहेत. त्यांसाठी इंग्रजीची भीती बाळगण्याचे कारण नाही. ते निमूटपणे मान्य करावेत असेही नाही. 'गावगाडा' वाचा आणि विचारा, हे गाव लेखकाने कोठे उभे राहून पाहिले? चावडीवरून की वेशीबाहेरून? आणि आत्र्यांनी पाहिलेल्या गावात व आपल्या झाडीपट्टीतल्या मालगुजारीच्या गावात काय फरक होता? आपल्याकडे तलावाच्या पाण्यावर धान होते. ते तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा होता आणि मालगुजारीत गावाची सत्ता मालगुजाराच्या वाड्यात होती. सत्रात चार-पाच प्रकरणे जरी वर्गात मोठ्याने वाचून त्यांवर वाद घातला, तरी गाइडची निम्मी सद्दी संपेल.

दुसरी अपेक्षा स्वतःच्या लेखनाची. नक्कल करू नये हा नियम पूर्वीपासून आहे; आता मोबाईलमध्ये प्रश्न टाकला की यंत्र दोन मिनिटांत गुळगुळीत निबंध लिहून देते, म्हणून हा नियम आणखी कठोर करण्याची भाषा चालू आहे. मी म्हणतो, नियम अवश्य असू द्या. पण प्रश्न असे का विचारता की ज्यांचे उत्तर नकलेने देता येते? 'जातीची वैशिष्ट्ये सांगा' असे विचारले की विद्यार्थी वैशिष्ट्ये उतरवून काढणारच. 'तुमच्या वस्तीत गेल्या दोन पिढ्यांत झालेल्या वीस लग्नांची माहिती मिळवा आणि त्यांत आंतरजातीय किती होती ते लिहा' असे विचारा. याचे उत्तर कोणत्याही गाइडात नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. जातीचे मर्म स्वजातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे, असा त्याचा सिद्धांत होता, आणि त्या काळच्या नामवंत विद्वानांची मते त्याने त्यात निर्भयपणे तपासली होती. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे जगभर वाचला गेलेला तो निबंध मुळात वर्गासाठी लिहिलेला होता, हे स्वाध्याय लिहिताना आठवा. आणि तो तपासणाऱ्यांनीही आठवावे.

तिसरी अपेक्षा वर्गातल्या चर्चेची, आणि ही सर्वांत नाजूक आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीला लाज वाटत नाही. आपल्या वर्गात ज्यांचा अभ्यास करायचा ती माणसे बाकांवर बसलेली असतात. जात, हुंडा, दारू, कर्ज, विधवेचे जिणे हे आपल्या पुस्तकातले विषय कोणाच्या तरी घरातले आहेत. म्हणून दोन मर्यादा कागदावर स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. कोणालाही त्याच्या जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून उभे करू नये. शिष्यवृत्तीच्या यादीसाठीही वर्गात नावे पुकारून मुलांना उभे करण्याची रीत बंद झाली पाहिजे. तसेच 'आमच्याकडे असे काही नसते' एवढ्या वाक्यावर कोणाचेही म्हणणे खोडून काढता येणार नाही. पुरावा द्यावा लागेल. स्वतःचा अनुभव सांगण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, पण तो सांगण्याची सक्ती कोणावर नाही. दुसऱ्याच्या घरची माहिती घ्यायची तर त्याला हेतू सांगून, त्याची संमती घेऊन, आणि नाव उघड न करता.

चौथी गोष्ट भाषेची. या वर्गात कोणी घरी पोवारी बोलतो, कोणी लोधी, कोणी गोंडी, कोणी छत्तीसगढी, कोणी हिंदी. प्रमाण मराठी चुकेल या धास्तीने तोंड न उघडणारी कितीतरी मुले मी पाहिली आहेत. लेखन शुद्ध व्हावे यासाठी अवश्य झटावे; पण प्रश्न विचारायला कोणतीही बोली चालेल, हा नियम पहिल्या दिवशी मोठ्याने सांगितला पाहिजे. "मी रोवणीले गेली होती" या वाक्यात व्याकरणाची चूक शोधणारे पुष्कळ भेटतील. त्यातले समाजशास्त्र मला ऐकू आले नाही, याची खंत अजून आहे.

मग करायचे काय? माझ्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. रोवणीच्या पंधरवड्यात नवा भाग शिकवू नये. त्या काळातले तास नंतर भरून काढावेत आणि त्याची तारीख आधी जाहीर करावी. जे विद्यार्थी कामावर जातात त्यांच्यासाठी रोवणी हाच पहिला स्वाध्याय ठरवावा. पऱ्हे कोण उपटतो, रोवायला कोण वाकतो, बाईला किती आणि पुरुषाला किती मजुरी, काम रोजाने की ठेक्याने, मजुरांची टोळी कोण जमवतो, दुपारी कोण कोणाबरोबर भाकरी खातो, हे सारे नोंदवून आणावे. तो स्वाध्याय सवलत म्हणून देऊ नये. इतरांच्या स्वाध्यायाइतक्याच काटेकोरपणे तपासावा. परत येणाऱ्याची नोंदवही अपुरी असेल तर त्याला ती पुन्हा लिहायला लावावी. मुदत चुकली तर कारण विचारावे, आणि कारण खरे असेल तर नवी मुदत द्यावी. पण ती मुदत पुन्हा चुकली तर गुण कमी करावेत. झालेल्या तासांचा पट दर महिन्याला सूचनाफलकावर लावावा. अंतर्गत गुण देताना ते कशासाठी कापले हे दोन ओळींत लिहून द्यावे, आणि विद्यार्थ्याला त्याविषयी निर्भयपणे विचारता यावे. आणि या साऱ्याचा भार ज्याच्यावर पडणार, त्या तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला त्याचे मोल वेळेवर मिळावे, ही मागणी अध्यापकांच्या संघटनांइतकीच विद्यार्थ्यांचीही असली पाहिजे.

पालकांना एक विनंती आहे. घरच्या अडचणी मला ठाऊक आहेत. एका माणसाची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे मला भाषणात सांगण्याची गरज नाही. पण घरात मुलगा आणि मुलगी दोघेही शिकत असतील, तर रोवणीला कोणाला थांबवता आणि महाविद्यालयात कोणाला पाठवता, हे एकदा मोजून पाहा. माझ्या त्या हजेरीपटात मुलींच्या नावांपुढच्या खुणा जास्त होत्या.

विद्यार्थ्यांनी कागदावर सही केली असली तरी काही बिघडलेले नाही. पुढच्या तासाला तो कागद वर्गात घेऊन या, मोठ्याने वाचा, आणि त्यात काय नाही ते अध्यापकांबरोबर बसून लिहा. मागच्या वर्षीचा हजेरीपट मागा; नावे झाकून, केवळ तारखा घेऊन, कोणत्या आठवड्यात किती गैरहजर होते याचा तक्ता तयार करा. त्याच्याशेजारी गावातल्या कामांचे पंचांग मांडा. या जिल्ह्यात समाजशास्त्राचा अभ्यास कोठून सुरू करावा याचे उत्तर तुम्हाला त्या तक्त्यात मिळेल, आणि तो तक्ता घेऊन प्राचार्यांकडे जाता येईल, विद्यापीठाकडेही जाता येईल. मी तो तीस वर्षांत तयार केला नाही. तुम्ही तो एका आठवड्यात करू शकाल.